डेंग्यू: एनएस१ करावी की आयजीएम?
लातूर-बीडकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, म्हणून घरोघर भरलेले ड्रम, रांजण, हौद. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला आणखी काय हवं? ताप आला की लॅबवाला विचारतो, "कोणती टेस्ट लावू?" आधी मोजा, तापाचा कितवा दिवस.

एनएस१ हे विषाणूचंच प्रथिन. पहिल्या दिवसापासून रक्तात सापडतं, ५ दिवसांनंतर मात्र हाती लागेलच असं नाही. आयजीएम ही आपल्या शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं, साधारण ४-५ दिवसांनी दिसणारी. दुसऱ्याच दिवशी ती तपासली तर पैसे पाण्यात. शिवाय ती २-३ महिने टिकतात. गणपतीतला डेंग्यू दिवाळीच्या तापातही 'पॉझिटिव्ह' दाखवतो.

खरी गोम दुसऱ्यांदा होणाऱ्या डेंग्यूत. विषाणूचे प्रकार ४. पहिल्या वेळची प्रतिपिंडं नव्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निकामी करतीलच असं नाही. कधी उलट त्याला पेशीत शिरायला वाट देतात. शिवाय दुसऱ्या वेळी जुनी प्रतिपिंडं एनएस१ला चिकटून ते लवकर झाकून टाकतात, आयजीएमही कमी बनतं. म्हणजे आजार जास्त आणि रिपोर्ट निगेटिव्ह!

मी म्हणेन, पहिले ४ दिवस एनएस१, पुढं आयजीएम, आणि जमलं तर झटपट कार्ड टेस्टऐवजी एलायझा, म्हणजे लॅबमधली जास्त भरवशाची तपासणी. सरकारी दवाखान्यांत पुण्याच्या एनआयव्हीचं (राष्ट्रीय विषाणू संस्थेचं) आयजीएम एलायझा किट वापरतात. पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, तर रिपोर्टची वाट न पाहता दवाखाना गाठा.