कॉलनीतली कुत्री: वेळ वाटावी की जागा?

ओपन स्पेसमध्ये कुत्र्यांसाठी काय नियम करावा, मत कळवा, असा कागद आमच्या बोर्डावर लागला तेव्हा खाली दोनच पर्याय होते. एक, कुत्र्यांना सकाळची वेळ ठरवून द्यायची. दोन, एका कोपऱ्याला जाळी मारून तो त्यांना द्यायचा. संभाजीनगरच्या सिडको भागात आम्ही दोन्ही करून बसलोय. आता लातूरला मेव्हण्याच्या कॉलनीत तसाच कागद फिरतोय, म्हणून हे लिहितोय.

'कुत्रीच नकोत' हा तिसरा रकाना काहीजण पेनाने आखतात. त्यात वेळ घालवू नका. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटकं कुत्रं नसबंदी आणि लसीकरण झाल्यावर उचललं तिथंच परत सोडायचं असतं. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, क्रीडा संकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं यांच्यापुरतं वेगळं सांगितलं. कॉलनीचं गार्डन त्यात येत नाही.

मी पहिल्यांदा वेळेच्या बाजूने सही केली. माझ्याकडेही गावठी कुत्रा आहे, वाघ्या. खर्च फक्त एका पाटीचा: 'कुत्र्यांसाठी वेळ सकाळी 5.30 ते 6.30'. थंडीत हे छान चाललं, कारण डिसेंबरात साडेपाचला मफलरवाली मंडळी घराबाहेर पडतच नाहीत.

मार्च सरला आणि गाडी घसरली. आपल्याकडे उन्हाळ्यात फिरायला धड तास एकच मिळतो. नंतर पेव्हर ब्लॉक तापतात, कुत्र्याचे पाय पोळतात अन् माणसाचं डोकं. त्यामुळे तोच तास सगळ्यांना हवा. त्यात नळाचा दिवस आला की कुत्रेवाले ड्रम भरत बसणार आणि सव्वासातला उगवणार. "आज पाणी होतं ना भाऊ." यावर काय बोलणार? मीही दोनदा तेच सांगितलंय.

पण माझं मत फिरलं ते घड्याळामुळे. रोज कुणाचं घड्याळ बरोबर यावरच भांडण. एका सकाळी समोरच्या काकूंच्या अंगावर एक लॅब्रॅडोर लाडाने गेलं आणि पोटरीला नख लागलं. जखम लगेच साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची असते. आमच्या इथे पहिली पाच मिनिटं साडेसहा वाजले होते की नव्हते यातच गेली. काकूंना चार वेळा लस घ्यावी लागली: त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. शेवटची घेऊन परततानाही त्या मला गेटवर म्हणाल्या, "माझ्या घड्याळात सहा चाळीस झाले होते बरं का."

जाळीच्याही कटकटी आहेत. वर्गणी काढताना 'आमच्याकडे कुत्रं नाही' हे वाक्य घरोघर ऐकावं लागतं. पावसाळ्यात वास येतो. घाण कुणाच्या कुत्र्याची यावर एकमत कधीच होत नाही. मोठं आणि बारकं कुत्रं एकदम आत सोडता येत नाही, मग रांग लागते. पण कुत्रं आत आहे की बाहेर, हे गच्चीवरूनही दिसतं. वाद दोन वाक्यांत मिटतो.

भटक्यांनाही जागेचीच भाषा कळते, असा माझा अनुभव. आधी उरलेल्या पोळ्या गेटपाशीच टाकल्या जायच्या, म्हणून कुत्री गेटपाशीच. खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्यापासून आणि ये-जा करायच्या वाटेपासून लांब ठरवावी, असं त्याच 2023 च्या नियमांत आहे. आम्ही ती मागच्या भिंतीबाहेर नेली. पंधरा दिवसांत गेट मोकळं झालं.

ओपन स्पेस दोन प्लॉटएवढीच असेल किंवा कॉलनीत पाळीव कुत्री तीन-चारच असतील, तर वेळेचा नियमही चालून जाईल. नाही म्हणत नाही. मेव्हण्याला एवढंच सांगितलं, तुमचं तुम्ही ठरवा, पण जाळीवर खूण केलीत तर सूचनांच्या रकान्यात एक ओळ टाका: जाळी लिंबाखाली घ्या, भिंतीला लागून नको. आमची भिंतीला आहे. दिवसभर तापलेली ती भिंत संध्याकाळीही धग मारते, आणि मे महिन्यात वाघ्या दारातच बसकण मारतो.