सुपर व्हिसाचा विमा: ‘प्री-एक्झिस्टिंग कव्हर्ड’ म्हणून गळ्यात मारलेली पॉलिसी

आईबाबांना सुपर व्हिसावर कॅनडात बोलवायचं तर आरोग्यविमा लागतो, आणि सुरुवात होते व्हॉट्सॲपवर आलेल्या त्याच्या कोटेशनपासून. ब्रॅम्प्टन असो, कॅलगरी असो की सरे, मजकूर साधारण एकच: एक लाख डॉलर कव्हर, डिडक्टिबल (खर्चातला आपण भरायचा वाटा) शून्य, ‘प्री-एक्झिस्टिंग कव्हर्ड’ (म्हणजे जुने आजारही कव्हरमध्ये), हप्त्यांची सोय, आणि खाली आईचा व बाबांचा वेगवेगळा प्रीमियम. मुलगा पैसे भरतो, पॉलिसी व्हिसाच्या अर्जाला जोडतो, व्हिसा येतो, आईबाबा येतात. काही महिन्यांनी बाबांच्या छातीत दुखतं, हॉस्पिटलात चार रात्री जातात. क्लेमला उत्तर येतं की पॉलिसी सुरू होण्याआधीच्या १८० दिवसांत हृदयाच्या गोळीचा डोस बदलला होता, त्यामुळे हा आजार कव्हरमध्ये बसत नाही. पाहुण्यांना प्रांताची सरकारी आरोग्य योजना लागू नसते आणि विमा नसलेल्या परदेशी रुग्णाला हॉस्पिटल लावतं तो दर दिवसाला हजारो डॉलरमध्ये जातो. एजंटला फोन केला की तो शांतपणे सांगतो, “पॉलिसी मेल केली होती ना, वाचायची होती.”

त्याचं म्हणणं कागदावर खोटं नसतं. म्हणूनच हा धंदा चालतो.

आधी सरकार काय मागतं ते. डिसेंबर २०११ मध्ये सुरू झालेला सुपर व्हिसा कॅनडातल्या नागरिकांच्या आणि पीआरधारकांच्या (कायम रहिवाशांच्या) आईवडिलांसाठी व आजीआजोबांसाठी आहे. ४ जुलै २०२२ पासून एका खेपेला सलग ५ वर्षं राहता येतं. विम्याची अट अशी: किमान १,००,००० डॉलरचं कव्हर, त्यात उपचार, हॉस्पिटल आणि मायदेशी परत पाठवण्याचा खर्च; प्रवेशाच्या तारखेपासून किमान एक वर्षाची मुदत; आणि पैसे पूर्ण भरलेले किंवा डिपॉझिट भरून हप्ते बांधलेले. नुसतं कोटेशन चालत नाही. बाबांचा मधुमेह त्या पॉलिसीत कव्हर होतो का, हे व्हिसा अधिकारी पाहत नाही. त्यामुळे ‘याच पॉलिसीवर पन्नास जणांना व्हिसा मिळाला’ हे एजंटचं प्रशस्तिपत्र क्लेमच्या दिवशी काहीच कामाचं नाही.

आता ‘प्री-एक्झिस्टिंग कव्हर्ड’ या दोन शब्दांकडे. जुना आजार कव्हर होतो तो ‘स्टेबल’, म्हणजे स्थिर, असेल तरच, आणि स्टेबल कशाला म्हणायचं हे पॉलिसीच्या व्याख्यांच्या पानावर असतं. मुदत ९० दिवस, १२० किंवा १८० अशी प्लॅनप्रमाणे आणि वयाप्रमाणे बदलते. त्या मुदतीत नवं लक्षण नको, नवी गोळी नको, बंद केलेली गोळी नको, डोस वाढलेला नको. कमी झालेलाही नको, आणि इथेच घरचे चक्रावतात. डॉक्टरांनी ‘छान कंट्रोल आहे’ म्हणून गोळी निम्मी केली, तरी विमा कंपनीच्या लेखी तो बदलच. सांगितलेली पण न केलेली अँजिओग्राफी, रिपोर्ट यायची राहिलेली तपासणी, तज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी, हे सगळं ‘अनस्टेबल’मध्ये जातं. बऱ्याच पॉलिसींमध्ये त्याच डोसची दुसऱ्या ब्रँडची गोळी चालते, इन्शुलिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळीतला नेहमीचा छोटा फेरफारही चालतो. पण तसं लिहिलेलं असेल तरच. हृदय आणि फुप्फुसांसाठी बहुधा वेगळं कलम असतं: ठरावीक मुदतीत छातीत दुखलं म्हणून नायट्रोग्लिसरिन वारंवार घेतलं असेल, किंवा फुप्फुसांच्या आजारासाठी ऑक्सिजन वा तोंडाने स्टेरॉइड घेतलं असेल, तर तो अवयवच कव्हरमधून बाहेर. बाबा जिभेखाली त्याच जातीची सॉर्बिट्रेटची गोळी ठेवत असतील, तर या कलमाबद्दल कंपनीला लेखी विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

हे दिवस मागे मोजायचे ते पॉलिसी लागू होण्याच्या तारखेपासून. विकत घेतली त्या तारखेपासून नव्हे. मार्चमध्ये पॉलिसी घेतली, जुलैमध्ये विमान, तर जूनमध्ये बदललेला डोस क्लेम बुडवायला पुरेसा आहे. आपल्याकडे परदेशी जायच्या आधी ‘एकदा सगळं दाखवून घेऊ’ म्हणून फुल बॉडी चेकअप करायची रीत आहे. पंधरा दिवस उरलेले असताना केलेल्या त्या चेकअपमध्ये डॉक्टर काहीतरी बदलतातच, आणि सहा महिन्यांचं स्थैर्य एका चिठ्ठीत संपतं. चेकअप जरूर करा, पण निघण्याआधी किमान सात महिने. आयत्या वेळी औषध बदलावं लागलंच तर डॉक्टरांचं ऐका, कंपनीला कळवा आणि शक्य असेल तर पॉलिसीची व प्रवासाची तारीख पुढे ढकला. विम्यासाठी गरजेची गोळी थांबवणं हा मूर्खपणा ठरेल.

एजंटची खरी हातचलाखी मात्र प्रश्नावलीत असते. ठरावीक वयानंतर किंवा जुना आजार कव्हर करायचा असेल तर वैद्यकीय प्रश्नावली भरावी लागते. एजंट म्हणतो, “मी भरतो, तुम्ही सही करा,” आणि सगळीकडे ‘नाही’ लिहितो, कारण ‘नाही’ म्हटलं की प्रीमियम उतरतो आणि गिऱ्हाईक हातचं जात नाही. क्लेम मोठा असेल तर कंपनी भारतातल्या डॉक्टरांकडून जुनी कागदपत्रं मागवते. उत्तर चुकीचं निघालं तर तेवढा आजार वगळून ती थांबेलच असं नाही. पूर्ण पॉलिसी रद्दबातल ठरवण्याचा हक्क ती राखून असते. मग लपवला मधुमेह आणि मोडला पाय, तरी क्लेम जाऊ शकतो. सही आईची, म्हणून जबाबदारीही आईची. इंग्रजी प्रश्नावली तिला मराठीत वाचून दाखवा आणि प्रत्येक उत्तर गोळ्यांच्या यादीशी ताडून बघा.

हप्त्यांचा प्रकार वेगळा. ‘दोन हप्ते भरा, व्हिसा आला की कॅन्सल करू आणि स्वस्तातली ट्रॅव्हल पॉलिसी घेऊ’ असा सल्ला उघडपणे दिला जातो. प्रत्येक प्रवेशाच्या वेळी सीमेवरचा अधिकारी चालू विमा दाखवायला सांगू शकतो. शिवाय हप्ता चुकला की पॉलिसी बंद पडते, आणि कार्ड बदललं म्हणून चुकलेला हप्ता बऱ्याचदा हॉस्पिटलातच कळतो.

त्याहून वाईट म्हणजे फेरफार केलेली पीडीएफ. वर नाव ओळखीचं, पण कंपनीकडे त्या नंबरची पॉलिसीच नाही. पैसे एजंटच्या खाजगी खात्यावर इंटरॅकने (कॅनडातल्या ऑनलाइन बँक ट्रान्सफरने) गेलेले. खोटा कागद व्हिसाच्या अर्जात पकडला गेला तर चुकीची माहिती दिल्याबद्दल ५ वर्षांची बंदी येऊ शकते, आणि ती अर्जदारावर, म्हणजे आईबाबांवर.

भारतातून विकला जाणारा नवा माल असा: ‘आता कॅनडाबाहेरच्या कंपन्यांचा विमाही चालतो.’ नियम २८ जानेवारी २०२५ पासून सैल झाला हे खरं, पण ती परदेशी कंपनी कॅनडाच्या ओएसएफआय या वित्तीय नियामकाच्या मान्यताप्राप्त यादीत हवी, अपघात आणि आजारपणाचा विमा विकायची तिला परवानगी हवी आणि पॉलिसी तिच्या कॅनडातल्या व्यवसायातून दिलेली हवी. पुण्या-मुंबईत तिकिटाबरोबर मिळणारी नेहमीची प्रवास पॉलिसी यात बसत नाही.

स्वस्त कोटेशन दिसलं की आधी डिडक्टिबल पाहा. ते अनेकदा वर्षाला एकदा नसतं, दर क्लेमला असतं. मग पाहा जुन्या आजारासाठी वेगळी कमाल रक्कम आहे का. पॉलिसी इमर्जन्सीपुरती आहे हेही घरात सर्वांना सांगून ठेवा: नेहमीची तपासणी, संपलेल्या गोळ्या, ठरवून करायची शस्त्रक्रिया यांचे पैसे मिळत नाहीत, आणि प्रवास करण्याइतपत प्रकृती सुधारली की पुढच्या उपचारांसाठी भारतात परत जा असं कंपनी सांगू शकते.

विकत घेताना क्रम असा ठेवा. एजंटचा परवाना प्रांताच्या विमा नियामकाकडे तपासा: ऑन्टारिओत एफएसआरए, ब्रिटिश कोलंबियात आणि अल्बर्टात तिथली इन्शुरन्स काउन्सिल, क्युबेकमध्ये एएमएफ. पॉलिसीवर मोठ्या अक्षरातलं नाव बऱ्याचदा विकणाऱ्याचं असतं. जोखीम घेणारी, म्हणजे क्लेमचे पैसे देणारी कंपनी बारीक अक्षरात असते. ती शोधून ओएसएफआयच्या यादीत पाहा. पूर्ण पॉलिसी पैसे भरण्याआधी मागा, एका पानाचं माहितीपत्रक नको. मग कंपनीला थेट मेल करा: वय इतकं, आजार हे, गोळ्या या डोसने या तारखेपासून, यातलं काय कव्हर होईल? उत्तर फोनवर आलं तर मेलवर मागा. पैसे कंपनीला किंवा परवानाधारक ब्रोकरेजच्या नावाने द्या, आणि पॉलिसी हाती आली की कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून पॉलिसी क्रमांक पडताळा. व्हिसा लांबला तर सुरू होण्याची तारीख ती उलटण्याआधी बदलून घ्या. व्हिसा नाकारला गेल्यास पूर्ण परतावा, लवकर परतल्यास उरलेल्या दिवसांचा, हे सहसा मिळतं. पण मध्ये क्लेम केला असेल तर परतावा बहुधा जातो.

भारतातून निघताना फॅमिली डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र घ्या: निदान, प्रत्येक गोळीचं नाव, डोस, कधीपासून, शेवटचा बदल कधी. मागच्या वर्षभराच्या चिठ्ठ्या आणि केमिस्टची बिलं स्कॅन करून ठेवा. आपल्याकडे दवाखान्यात कागद सापडत नाही, आणि कागद सापडत नाही याचा फायदा कंपनीलाच होतो.

एक वर्ष संपताना पुन्हा खड्डा आहे. मुक्काम ५ वर्षांचा, पॉलिसी बहुधा १ वर्षाची. नवी घेतली की नवी तारीख, नवी प्रश्नावली, आणि पहिल्या वर्षी झालेला हार्ट अटॅक आता जुना आजार. ‘रिन्यू करतो’ म्हणणाऱ्या एजंटला विचारा की स्थैर्याची मुदत पुन्हा मोजली जाणार का. मध्ये कव्हरमध्ये खंड पडू देऊ नका; कॅनडात आल्यावर घेतलेल्या पॉलिसीला आजारपणासाठी दोन दिवसांपासून आठवडाभरापर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो.

हॉस्पिटलात जायची वेळ आली तर जीव धोक्यात असताना आधी ९११ हा आपत्कालीन क्रमांक. बाकी वेळी उपचारांपूर्वीच पॉलिसी कार्डावरच्या मदत क्रमांकावर फोन करा. ते जमलं नाही तर २४ तासांच्या आत. फोन केला नाही म्हणून देय रक्कम कापण्याची तरतूद अनेक पॉलिसींमध्ये असते. ॲम्ब्युलन्स, हॉस्पिटल आणि डॉक्टर यांची बिलं वेगवेगळी येतात. सगळी तपशीलवार मागा.

क्लेम नाकारला तर कोणत्या कलमाखाली ते लेखी घ्या. भरलेल्या प्रश्नावलीची प्रत आणि फोन रेकॉर्ड झाला असेल तर तेही मागा. उत्तरं कोणी दिली हे तिथे कळतं. कंपनीकडे अंतर्गत अपील करा, तिचं अंतिम उत्तराचं पत्र आलं की ओएलएचआय या आयुर्विमा व आरोग्यविम्याच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी नाही. एजंटविरुद्धची तक्रार वेगळी, प्रांताच्या नियामकाकडे. ऑन्टारिओत परवानाधारक आयुर्विमा एजंटला स्वतःच्या चुकांसाठीचा विमा, ज्याला ‘ई अँड ओ’ म्हणतात, ठेवावा लागतो. नुकसानभरपाईचा दावा त्याच्यावर करता येतो. त्यासाठी ‘प्री-एक्झिस्टिंग कव्हर्ड’ लिहिलेला तो पहिला व्हॉट्सॲप मेसेज पुरावा म्हणून जपून ठेवा, तारखेसकट.