वालाच्या बिरड्यानंतर काय घ्यावं: ओवा की सोड्याची पूड?

गौरी-गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं की आमच्याकडे रत्नागिरीला एक रात्र अशी येतेच, की जेवणात वालाचं बिरडं, वर मोदक, आणि मध्यरात्री कुणाचं तरी पोट फुगून टम्म. मग घरात दोन मतं पडतात. काकी म्हणते, ओवा चाव. धाकटा भाऊ पाण्यात टाकली की फसफसणारी सोड्याची पूड काढतो. मी दोन्ही बरीच वर्षं घेतली आहेत.

आधी पुडीच्या बाजूने बोलतो. छातीखाली जळजळ होत असेल, आंबट ढेकर येत असतील, तर तिच्याइतकं झटपट काही नाही. सोडा पोटातलं आम्ल मारतो आणि पाच-दहा मिनिटांत मोकळं वाटतं. अशा वेळी ओवा चावलात तर, माझ्या अनुभवाने, जळजळ वाढते. जिभेला तो चरचरतो तो वेगळाच, आणि लहान मुलं तर थुंकूनच टाकतात.

पण वालाचं दुखणं निराळं. वालातली काही साखर लहान आतड्यात पचत नाही. ती खाली मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि वायू तिथे होतो. सोड्याचं काम वर, पोटातल्या आम्लाशी. त्यातून निघणारा वायू ढेकर देऊन बाहेर पडतो, म्हणून क्षणभर बरं वाटतं. मला तरी तासाभराने पुन्हा तोच फुगारा यायचा. अर्धा चमचा ओवा, चिमूटभर सैंधव आणि वर कोमट पाणी घेतलं की हळूहळू पोट सैल व्हायचं. अर्थात प्रत्येकाची प्रकृती वेगळी.

माझा निर्णय मात्र झाला तो बाटलीमुळे. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कपाटातल्या वहाणांनाही बुरशी धरते, तिथे पुडीचं काय होणार? एका रात्री वीज गेलेली, आई पोट धरून बसलेली. बॅटरीच्या उजेडात बाटली उघडली तर आत दगड. चमच्याच्या दांड्याने खरवडून ढेकूळ पाण्यात टाकलं, चार बुडबुडे आले आणि ते तळाशी जाऊन बसलं. पुडीतला सोडा आणि सायट्रिक ॲसिड दमट हवेत बाटलीतच एकमेकांना भिडतात, मग पेल्यात फसफसायला उरतं काय? छोटी बंद पाकिटं घेतली की हा त्रास नाही, हे मान्य. पण ती नेमकी गणपतीतच संपतात आणि रात्री दुकान उघडं नसतं. शिवाय त्यात सोडियम बरंच. आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे हे मला त्या रात्री आठवलंसुद्धा नव्हतं. तेव्हापासून घरात ओवाच. ओव्यासोबतचं सैंधवही मीठच, म्हणून आईच्या ओव्यात ते घालत नाही.

अंगणातल्या ज्या जाड पानांची भजी करतो त्यालाही ओवाच म्हणतात, पण ते झाड वेगळं. इथे बोलतोय ते दाण्यांबद्दल. गरोदर बाईला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध म्हणून देऊ नका.

आणि काही दुखणी या दोन्हींची नव्हेत. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारी कळ, काळी शी, उलटीत रक्त, लाकडासारखं कडक पोट. तेव्हा ओवाही नको आणि एरंडेल तर मुळीच नको. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला तर ‘गॅस झाला’ म्हणत बसू नका, १०८ ला फोन करा.

ओवा मे महिन्याच्या उन्हात दोन दिवस वाळवून काचेच्या बरणीत भरतो. गणपतीत झाकण उघडलं की वास अजून नाकात शिरतो.