आमच्या गोदेचा शेवट बघायला घेतलेली बोट

आम्ही नाशिककर, गोदावरी शेवटी जाते कुठे ते बघायला थेट आंध्रात अंतर्वेदीला गेलो. त्र्यंबकपासून 1465 किमी. धवळेश्वरमच्या बॅरेजखाली नदीचे गौतमी आणि वसिष्ठा असे फाटे फुटतात, त्यातली वसिष्ठा इथे समुद्राला मिळते, बोटवाला मात्र यातलं काहीच सांगत नाही, इंजिनच्या आवाजात ऐकूही आलं नसतं म्हणा. लाइफ जॅकेट मागितलं तर सीटखालून निघालं, बकल तुटलेलं! पण मुखाजवळ इंजिन बंद केलं ना, एकीकडे मातकट पाणी, दुसरीकडे हिरवट, मधे फेसाची रेघ. आईने ओंजळभर चाखलं, म्हणाली, अगं बाई, रामकुंडातली गोदा खारट झाली की! तीन स्टार, जॅकेट बदला मग चार देतो.