पहाटेच्या जिमसाठी: रात्री भाकरी की सकाळी केळं?

पहाटे साडेपाचच्या बॅचला जाणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. रात्री भात-भाकरीला कात्री लावायची आणि सकाळी जिमच्या आधी केळं नाहीतर दोन खजूर खायचे, का रात्री नीट जेवायचं आणि सकाळी नुसतं पाणी पिऊन निघायचं? मी दोन्ही करून बघितलंय, पहिलं आठ-नऊ महिने आणि दुसऱ्याला आता दीड वर्ष होईल. कुपवाड एमआयडीसीत साडेआठची शिफ्ट असते त्यामुळं मला संध्याकाळची जिम जमत नाही, तुम्हाला जमत असेल तर हा घोळच नाही, सकाळ-दुपारचं जेवण आपोआप कामी येतं.

केळंवाल्या पद्धतीला नावं ठेवणार नाही, रात्री पोट हलकं राहतं, झोप चांगली लागते आणि काट्यावर पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात. त्यातली गंमत मला उशिरा कळली. स्नायूत साठलेलं एक ग्रॅम ग्लायकोजेन (भात-भाकरीतल्या कार्बमधून शरीर साठवून ठेवतं ती साखर) स्वतःबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून बसतं, कार्ब तोडले की साठा उतरतो आणि त्याच्यामागं पाणी जातं. मी चरबी गेली म्हणून पेढे वाटायचाच बाकी होतो.

आता सेटमध्ये, म्हणजे न थांबता ओळीनं वजन उचलताना, काय होतं ते बघा. पहिले काही सेकंद क्रिएटिन फॉस्फेटवर (स्नायूतला झटपट इंधनाचा छोटा साठा) निघतात, त्याच्या पुढं ग्लायकोजेनला हात घालावा लागतो. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलमध्ये ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्य आणलं, पण स्पर्धेतली एकेक उचल काही सेकंदांत आटपते आणि दोन उचलींच्या मध्ये विश्रांती असते, तिथं ग्लायकोजेन फारसं जळत नाही. आपण मारतो दहा-बारा रेपचे (रेप म्हणजे एकदा उचलून खाली आणणं) सेट, मध्ये मिनिटभर मोबाईल बघायचा की परत चालू, खरा खर्च इथं आहे. चांगल्या जड वजनानं दम संपेपर्यंत कर्लचा (कोपरात हात वाकवून वजन उचलायचा) एक सेट मारला तर दंडातला साठा साधारण १२ टक्के उतरतो, तीन सेटला २४ च्या आसपास, आणि पायाचे सहाएक सेट झाले की मांडीतला ४० टक्क्यांजवळ गेलेला असतो. आणि हा साठा ज्या त्या स्नायूचाच. मांडीतला दंडाला उसना मिळत नाही कारण तो साखर करून रक्तात सोडायचं एन्झाइमच स्नायूकडं नाही, ते यकृताकडं आहे. म्हणून रात्रभर उपाशी राहिलं की यकृत रिकामं होत जातं, स्नायू फारसे होत नाहीत.

म्हणजे पहाटे मांडीत जे काही असतं ते काल-परवाच्या ताटातलं. सव्वापाचला खाल्लेलं केळं, त्यात कार्ब पंचवीसएक ग्रॅम, साडेपाचच्या स्क्वाटला (मानेवर वजन घेऊन मारायच्या बैठका) मांडीत जाऊन बसलेलं नसतं. रक्तातली साखर तेवढी सावरतं.

बरं, हे गणित मी केळं सोडल्यावर वाचलं, सोडलं वेगळ्याच कारणानं. स्क्वाटला पट्टा घट्ट ओढून पोटात श्वास भरायचा असतो, तो भरला की केळं वर यायचं. अगदी उलटी नाही, पण सहाव्या-सातव्या रेपला खाली बसलं की घशाशी आंबट-गोड येणार, ते गिळायचं का श्वास धरायचा हे ८० किलो मानेवर असताना ठरवायचं. पट्टा एक भोक सैल केला तर पाठ बोंबलायची. मग कुणीतरी म्हणालं तासभर आधी खा, म्हणून साडेचारचा गजर लावला. अंधारात स्वयंपाकघरात उभं राहून केळं सोलतोय तोवर आई उठून आली, "रात्री जेवत नाहीस आणि आता उंदरासारखा खुडबुड करतोस?" तिला काय उत्तर देणार, दीड महिना काढला तसा आणि मग वैतागून रात्रीची भाकरी परत चालू केली.

आमच्यात रात्री ज्वारीच्या दोन भाकरी, आमटी आणि वर वाटीभर भात असतो, सगळे मिळून सव्वाशे-दीडशे ग्रॅम कार्ब होत असतील. माझं वजन ७२. आठवड्यात चार दिवस तासभर वजनं मारणाऱ्याला दिवसाला किलोमागं ३ ते ५ ग्रॅम पुष्कळ झाले, म्हणजे मला २१६ ते ३६०, त्यातला मोठा वाटा रात्रीच येतो. आधी वहीत स्क्वाटचे चार सेट १०, ८, ६, ५ असे घसरत जायचे, महिन्याभरात त्याच वजनाला १०, १०, ९, ८ दिसायला लागले. एकट्याच्या वहीवरून काय सिद्ध होत नाही म्हणा, त्याच महिन्यात झोपही वाढली होती.

ह्यालाही खोडी आहेत. काटा चार दिवसांत किलोभर वर गेला, तेच पाणी परत आलं, पण सकाळी बघून जीव जळतोच. जेवण दहाच्या पुढं गेलं तर पहाटे पोट जड राहतं, आठ-साडेआठला उरकलं पाहिजे. आणि काहींना उपाशीपोटी गरगरतं, तसं होत असेल तर अर्धं केळं खावा बापडे, दीड-दोन तास घाम काढणार असाल तरी खावा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर माझं ऐकू नका, डॉक्टरांना विचारा.

हाताचा दिवस असेल तर मला दोन्हीत फरक जाणवला नाही. फरक पडतो तो पायाच्या दिवशी, म्हणून त्याच्या आदल्या रात्रीचं ताट मी चुकवत नाही. संकष्टीला तर दिवसभर उपास, आणि चंद्रोदय झाल्यावर वरण-भात आणि मोदकावर जी काय बैठक होते ती बघता दुसऱ्या दिवशी स्क्वाटच ठेवतो. केळी अजून घरी येतात डझनभर, पण ती नैवेद्याला.