पेन्सिल हातात घेऊन आठ महिने: विज्ञान-कादंबऱ्या आणि खेळांची पुस्तकं

खेळाचं नियमपुस्तक दुकानात चाळून कळत नाही. चित्रं देखणी असतात, कागद गुळगुळीत असतो, आणि खरी गोम तिसऱ्या-चौथ्या डावाला बाहेर येते. विज्ञान-कादंबरीचंही तसंच. पहिल्या वाचनात गोष्ट ओढून नेते. आकडे कितपत खरे, ते दुसऱ्यांदा शेजारी कोरा कागद ठेवून वाचलं की दिसतं. लातूरच्या एका गटात आठ महिने हातोहात फिरलेल्या पुस्तकांपैकी काय टिकलं आणि काय उघडं पडलं, ते लिहितोय.

अँडी वीअर यांची 'प्रोजेक्ट हेल मेरी' (२०२१) या कसोटीला पुरेपूर उतरते. यान ताऊ सेटी ताऱ्याकडे निघतं. अंतर सुमारे ११.९ प्रकाशवर्षं, प्रवेग पृथ्वीच्या गुरुत्वाच्या दीडपट. अर्धी वाट वेग वाढवत, अर्धी कमी करत. ताडून बघायला सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो. वर्ष आणि प्रकाशवर्षाच्या मापात दीडपट गुरुत्व म्हणजे १.५५. त्याला निम्म्या अंतराने, ५.९५ ने गुणा आणि १ मिळवा: १०.२. त्याचा इन्व्हर्स कॉश (कॅल्क्युलेटरवर cosh⁻¹) घ्या, दुप्पट करा, १.५५ ने भागा. यानातलं घड्याळ ३.९ वर्षं दाखवतं. आता त्याच १०.२ चा वर्ग करून १ वजा करा, वर्गमूळ काढा, तसंच दुप्पट करून भागा: पृथ्वीवर १३.१ वर्षं उलटलेली असतात. कादंबरीतला काळ याच हिशेबाने चालतो, आणि हे कळल्यावर नायकाचा एकटेपणा जास्त टोचतो, कारण तो आकड्यातून आलेला आहे.

मराठी वाचकाला ही सवय जयंत नारळीकरांनी लावली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. नावावर नको, कथेवर निकाल लागावा, एवढंच त्यामागे होतं.

गॅब्रिएल झेविन यांची 'टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो' (२०२२) विज्ञानकथा नाही; व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांची कादंबरी आहे. इथे पेन्सिलीचं काम नाही. तिचा एक भाग मात्र 'तू' असं संबोधून लिहिलेला आहे, आणि गेमबुक, म्हणजे वाचकानेच पुढचा परिच्छेद निवडत खेळायचं गोष्टीचं पुस्तक, खेळलेल्या माणसाला तो आवाज लगेच ओळखू येतो.

गेमबुकांचा पाया म्हणजे 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' (१९८२), चारशे परिच्छेदांचं. एकट्याने खेळता येतं. दोन साधे फासे, पेन्सिल, खोडरबर पुरे. सुरुवातीला कौशल्य म्हणजे एका फाशाचं दान अधिक ६, आणि दम म्हणजे दोन फाशांचं दान अधिक १२. लढाईत दोन्ही बाजू दोन फासे टाकून त्यात आपापलं कौशल्य मिळवतात. बेरीज ज्याची कमी, त्याचा दम २ ने घटतो. वाचायला निर्मळ नियम आहे. पण कौशल्यात २ चा फरक पडला की वरचढ बाजू ६६ टक्के फेऱ्या मारते, दुबळी फक्त २४ टक्के, आणि उरलेल्या बरोबरीत सुटतात. म्हणजे सुरुवातीला ज्याला १ पडला, तो ७ कौशल्य घेऊन निघतो आणि ९ च्या राक्षसापुढे त्याचं काही चालत नाही. सहातल्या एकाचं असं होतं. मग लोक पुस्तकाला कठीण म्हणतात. खरं तर पहिल्याच दानात डाव गेलेला असतो. उपाय सोपा: १ किंवा २ पडला तर ३ धरायचा. कौशल्य ९ च्या खाली जात नाही आणि चुरसही राहते.

नशिबाचं दानही जपून वापरावं. नशीब हाही एक अंक; दोन फाशांची बेरीज त्याच्याएवढी किंवा कमी आली की ते लागतं. नशीब ९ असताना ही शक्यता ८३ टक्के. प्रत्येक वापराला एक अंक घटतो, आणि तीन वापरांनंतर ६ वर ती ४२ टक्क्यांवर येते. अंक शिल्लक दिसतात, उपयोग निम्मा झालेला असतो.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा गटाने एकेक पात्र घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ. त्याचं २०२४ चं नियमपुस्तक, 'प्लेअर्स हँडबुक', ३८४ पानांचं आहे. शेवटची नियमांची सूची ही त्याची सगळ्यात कामाची जागा. तिथे जाड खूण लावून ठेवा. शस्त्रांचे नवे विशेष गुण रंगतदार आहेत, पण त्यांनीच डाव रेंगाळतो, कारण एका गुणात प्रत्येक फटक्यानंतर समोरच्याला बचावाचं दान टाकावं लागतं. प्रत्येकाच्या शस्त्राचा गुण एका कार्डावर लिहून समोर ठेवला की निम्मी चौकशी थांबते. २०१४ ची प्रत आणि ही प्रत एकाच चटईवर नको. जखम भरण्याच्या साध्या मंत्राला तिथे एक आठबाजूंचा फासा, इथे दोन; वाद ठरलेला.

दोन वीसबाजूंचे फासे टाकून मोठं दान घ्यायचा नियम नवख्यांना नेहमीच मोठा फायदा वाटतो. ११ किंवा जास्त हवे असतील तर शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते; २० च हवा असेल तर ५ वरून जेमतेम ९.७५. सवलत मधल्या कामांसाठी राखावी.

या २०२४ च्या मूळ नियमांचा मोठा भाग २०२५ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोफत आहे. श्रेय देऊन मराठीत आणता येतो. शब्द आपल्याकडे आहेतच: डाव, पट, दान, सोंगटी. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळतायत, आणि मोक्षपटाचं, म्हणजे जुन्या सापशिडीचं, नाव परंपरेने आपेगावच्या ज्ञानेश्वरांशी जोडलं जातं. आठ पानांची मराठी पुस्तिका असली की सातवी-आठवीची पोरंही पहिल्याच संध्याकाळी खेळायला लागतात.

वीसबाजूंचा फासा तालुक्याच्या गावी सहजी मिळत नाही. पत्त्यांतले लाल आणि काळे, एक्का ते दश्शी असे दहा-दहा पत्ते घ्या. लाल १ ते १०, काळे ११ ते २०. पत्ता ओढला की परत घालून पिसायचा. परत न घालता ओढत राहिलं तर शक्यता बदलत जातात.

आणि जाड पेपरबॅक उन्हाळ्यात सांभाळा. पाठीचा डिंक उष्णतेने मऊ पडतो; पुस्तक पालथं उघडं ठेवलं की मधली पानं सुटतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका. वारंवार लागणाऱ्या तक्त्यांची आधीच झेरॉक्स काढून तीच चटईवर वापरा.