एचओ की एन? आधी खोली मोजा

घरात मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे रूळ-फलाटांचा छोटा देखावा, करायचा ठरलं की बहुतेक जण आधी इंजिन घेऊन मोकळे होतात. मीही तेच केलं होतं. खरं तर एचओ घ्यायचं की एन (मॉडेल गाड्यांची ही दोन मापं), हे ठरतं ज्यावर लेआउट बसतो त्या प्लायवूडच्या टप्प्यावरच.

एचओ म्हणजे १:८७, खऱ्या गाडीच्या सत्याऐंशी पट लहान, दोन रुळांतलं अंतर १६.५ मिमी. एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिमी. एचओत गाडीला पूर्ण वळसा घालायचा तर चार फूट रुंदी लागते, म्हणजे आठ बाय चारची अख्खी शीट. माझी शीट लिफ्टमध्ये मावली नाही. जिन्याने चार मजले चढवली, तर बेडरूमच्या दारात वळेना. शेवटी सुतार बोलावून मधोमध कापली. एनचं वळण दोन फुटांत बसतं.

घाट करायचा असेल तर फरक आणखी बोचतो. बोरघाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. एका रुळाच्या वरून दुसरा न्यायला एचओत साडेसात सेंमी उंची गाठावी लागते, आणि या चढाने त्यात पावणेतीन मीटर जातात. एनला दीड-पावणेदोन पुरतात. दहा आयसीएफ डबे (आपल्या रेल्वेचे जुने नेहमीचे) एचओत अडीच मीटर, एनमध्ये त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. घाट, बोगदे, लांब गाडी हवी तर एनच घ्या.

वायरिंगला मात्र पारडं फिरतं. दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात, पण एनचं इंजिन हलकं. रुळावर जरा धूळ बसली की सांध्यावर, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, हटकून अडतं. खडी चिकटवायला आपण फेविकॉल पातळ करून, भांड्यांच्या लिक्विडचा थेंब घालून ड्रॉपरने सोडतो. एचओच्या सांध्यात तो उतरला तर टाचणीने खरवडता येतो. एनमधला माझा एक सांधा कायमचा मिटला. फलाटावरचा चहावाला एचओत दोन सेंमीचा, एनमध्ये सेंटीमीटरभर. चाळिशी लागली असेल तर रंगवताना आठवेल.

आपल्या गाड्यांचाच नाद असेल तर एचओ बरं, हातानं नवं काही जोडायला जागा मिळते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, ८७ ने भागला तर १९ मिमीच्या वर जातो आणि डबे धावतात १६.५ वर. तिकडे मी डोळेझाक करतो.

पुण्यात असाल तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आधी बघून या. मग घरी फरशीवर खडूने आठ बाय चारचा चौकोन आखा आणि आठवडाभर त्याला वळसा घालून वावरा. कपाटाचं दार उघडेना, तर एन.